कॅड म्हणजे नुसतं चित्र? मामा, जरा थांबा

"ऑटोकॅड, सॉलिडवर्क्सच्या क्लासात पोरांचे पैसे घालू नका. ते नुसतं चित्र काढायचं काम, तेही गाड्यांच्या कंपन्यांतच. लायसन लाखाचं, अन् आता एआय आपोआप ड्रॉइंग काढतंय." निकाल लागले की हा मेसेज फिरतो. यंदा घरच्या ग्रुपवर मामांनी टाकला. मी वाळूजला पत्र्याचं जॉबवर्क करणाऱ्या शॉपमध्ये ड्रॉइंगवर बसतो, म्हणून उत्तर देणं आलं.

कॅड म्हणजे वस्तू बनवण्याआधी तिचं मापासकट डिझाइन संगणकावर करणं; ऑटोकॅड, सॉलिडवर्क्स ही त्याचीच सॉफ्टवेअर. आधी 'नुसतं चित्र'. २ एमएम पत्र्याचा, बाहेरून ५०-५० एमएमचा काटकोनी ब्रॅकेट करायचाय. ५० आणि ५० मिळून १०० चा तुकडा कापलात तर तो वाया गेला. वाकताना पत्रा बाहेरून ताणतो, आतून दबतो. आतली गोलाई २ एमएम असेल तर सपाट तुकडा साडेशहाण्णवच्या आसपास लागतो. हिशेब सॉफ्टवेअर करतं, पण के-फॅक्टर, म्हणजे वाकताना ना ताणणारा ना दबणारा थर जाडीत कुठे आहे तो आकडा, आपण सांगायचा, आणि तो पत्र्याची जात, जाडी नि बेंडिंगची डाय (पत्रा वाकवायचा साचा) बघून ठरतो. पहिल्या वर्षी मी तो आधीपासून होता तसाच ठेवला. सहा बेंडचा चॅनेल होता, प्रत्येक बेंडला थोडं थोडं चुकत गेलं, शेवटी भोकं जुळेनात. चाळीस पीस भंगारात. पत्रा वाकवायच्या प्रेसवरचे दादा एवढंच म्हणाले, "चित्र लई भारी काढलंय साहेब, पत्र्याला कळलंच नाही."

'गाड्यांच्या कंपन्यांतच' हे मामांना वाटणं साहजिक आहे. वाळूज म्हटलं की आपल्याला बजाजच आठवते. पण मोठमोठ्या गाड्यांच्या कारखान्यांत चालणारं कॅटिया हे कॅड सॉफ्टवेअर मुळात फ्रान्समध्ये दासो कंपनीच्या विमानांसाठी जन्मलं, आणि १९८२ सालचं ऑटोकॅड तर घराच्या नकाशापासून गटारीपर्यंत सगळ्यालाच चालतं. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट आठवणाऱ्या लातुरात इमारतीच्या कॉलमवर भूकंपाचा आडवा भार किती येईल, हे स्टाडसारख्या सॉफ्टवेअरवर तपासता येतं. जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये तापलेली सळई रोलच्या कोणत्या खाचेतून किती बारीक व्हायची, तेही आधी आखूनच ठरतं. दातावरची कॅप तोंडाच्या स्कॅनवरून संगणकावर घडवता येते. आणि पाणीपुरवठा: एपानेट या पाइपलाइनचा हिशेब करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकीची उंची, पाइपाचा व्यास, प्रत्येक गल्लीची मागणी भरली की शेवटच्या नळाला दाब राहतो का, हे चर खणायच्या आधी दिसतं. मराठवाड्यात शेवटच्या नळाचं महत्त्व मी काय सांगावं!

लायसन? एपानेट फुकट, फ्रीकॅड हे कॅड सॉफ्टवेअरही फुकट. ऑटोकॅड बनवणारी ऑटोडेस्क कंपनी विद्यार्थ्यांना ते शिकण्यापुरतं मोफत देते. क्लासची फी मात्र काही ठिकाणी अवाच्या सवा आहे, तिथं मामांचं बरोबर. नुसत्या कमांड पाठ करून सर्टिफिकेट घेणाऱ्यांबद्दलही बरोबर.

राहिलं एआय. साध्या आकाराचं मॉडेल ते देतं, मीही वापरून बघतो. पण आमच्या प्रेसवर कोणती डाय चढलीय, हे त्याला कुणीतरी सांगावंच लागतं.

हे सगळं ग्रुपवर लिहिलं. रात्री मामांचा वेगळा मेसेज आला: पेरणीयंत्राच्या सोयाबीनच्या चकतीचा फोटो, कडेला तुटलेली. "ही बनंल का?" म्हटलं, बनेल, पण फोटोवरून नाही. जाडी किती, मधल्या भोकाचा व्यास किती, खाचा किती नि केवढ्या, मोजून पाठवा.

"पट्टीनं मोजू का?"

नको मामा, चकतीच एसटीनं पाठवा.