तुरटीने पाणी निवळतं, निर्जंतुक होत नाही

चक्रीवादळग्रस्त गावांसाठी एक मेसेज फिरतोय: ‘पाण्यात तुरटी फिरवा, पाणी पिण्यालायक होतं. उकळायची गरज नाही, मदतीत क्लोरीनच्या गोळ्या नकोत, तुरटीच पाठवा.’ पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच आहे, पण माहिती अर्धवट आहे.

तुरटीमुळे गढूळ पाण्यातले बारीक कण एकमेकांना चिकटून तळाशी बसतात. त्यांच्याबरोबर थोडे जंतूही खाली जातात, सगळे नाही. वर काचेसारखं नितळ दिसणाऱ्या पाण्यातून कॉलरा, टायफॉइड, कावीळ होऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं पाणी खळखळून उकळायला सांगतात. इंधन नसेल तर निवळलेलं पाणी फडक्यातून गाळून क्लोरीनची गोळी पाकिटावरच्या प्रमाणात टाकायची आणि निदान ३० मिनिटं थांबायचं. गढूळ पाण्यात क्लोरीनचा जोर गाळातच खर्ची पडतो, म्हणून तुरटी आधी वापरायला हरकत नाही. जोडीला, पर्याय म्हणून नव्हे.

विहिरीत समुद्राचं पाणी शिरलं असेल तर यातला एकही उपाय चालत नाही; खारटपणा उकळूनही जात नाही. तिथे टँकरच लागतो.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.