ऑपरेटर मिस्टेक

सर्व्हिसच्या पावतीवर ‘बिघाडाचे कारण’ अशी एक चौकट असते. काल दुपारी तेवीस-चोवीस वर्षांच्या एका पोरानं माझ्या डायनिंग टेबलावर बसून, माझाच चहा पीत, माझ्याच पेनानं त्या चौकटीत लिहिलं : ऑपरेटर मिस्टेक. खाली रक्कम, 590 रुपये. ऑपरेटर म्हणजे मी. पावती फ्रिजवर चुंबकाखाली लावून ठेवलीय. नवरा सकाळपासून दोनदा म्हणाला, काढ ती. मी काढणार नाही.

सात महिन्यांपूर्वी भांड्यांच्या मावशी लेकीच्या बाळंतपणाला अक्कलकोटला गेल्या आणि तिकडंच रमल्या, म्हणून हप्त्यांवर डिशवॉशर आला. बरा चालला होता. गेल्या महिन्यापासून पेल्यांवर पांढरी साय धरायला लागली, काचेच्या ग्लासातनं बघावं तर समोरचा माणूस धुक्यात उभा. आणि गुरुवारी मशीन मधेच थांबलं. तळाला गढूळ पाणी, वर टीं-टीं. फोन केला तर ‘सकाळी दहा ते संध्याकाळी सहाच्या दरम्यान माणूस येईल’. म्हणजे रजा टाका.

तो आला नेमका नळाच्या दिवशी. सोलापूरबाहेरच्या वाचकांना ‘नळाचा दिवस’ कळायचा नाही. उजनी धरण काठोकाठ भरलेलं असो नाहीतर तळ दाखवत असो, आमच्याकडं नळ काही रोज येत नाही. चार दिवसांनी येतो, पाच दिवसांनी येतो, मनात आलं तर रात्री अडीचला येतो. त्या दिवशी घरात लग्नघराची धांदल. पिंपं, हंडे, बादल्या, शेवटी कुकरसुद्धा भरून ठेवायचे. अधल्यामधल्या दिवसांत बोअर. बोअरचं पाणी असं, की बादलीत आठवडाभर ठेवलं तर बादलीला चुन्याचा हात दिल्यासारखा दिसतो. ‘तुम्ही पाणी नसलेल्या गावात पाण्याचं मशीन घेतलं’ हे मला आत्तापर्यंत निदान अकरा जणांनी ऐकवलंय. एका खेपेला साधारण दहा लिटर लागतं हो! नळाखाली भांडी विसळताना किती जातं ते कुणी मोजलंय? ते मोजत नाहीत, कारण ते मी करत होते तेव्हा बघायला कुणी येत नव्हतं.

असो. मेकॅनिक आला. पोरगा पूर्व भागातला. घरच्यांशी फोनवर तेलुगू, ऑफिसशी हिंदी, आमच्याशी मराठी, आणि स्क्रू निसटला की कन्नड. त्यानं आधी प्लग काढला, पाण्याचा कॉक बंद केला, जाळ्या बाहेर ओढल्या. तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे तात्या दारात. “तुमच्याकडं नळ आला काय?” हे विचारायला आले होते. उत्तर ऐकायला थांबले नाहीत, थेट स्वयंपाकघरात आले.

तात्या मिलच्या बॉयलरवर होते. मिल बंद पडून जमाना झाला, पण तात्यांच्या अंगातला बॉयलर अजून विझलेला नाही. बिल्डिंगमध्ये कुणाचाही गीझर, मोटार, स्कूटर उघडलेली दिसली की खुर्ची ओढून बसतात. माझ्याकडंही बसले.

“काय करलालाय हे?”

“भांडी घासायचं मशीन आहे तात्या. बिघडलंय.”

“भांडी?” तात्यांनी मशीनकडं पाहिलं, मग माझ्या हातांकडं पाहिलं. दोन्ही हात जागेवर असल्याची खात्री करून घेतली आणि म्हणाले, “बरं. चालू दे.”

मेकॅनिकनं तळातला फिल्टर फिरवून बाहेर काढला आणि वर्तमानपत्रावर उपडा केला. इथून पुढं जे झालं त्याला पंचनामा हाच शब्द आहे. तात्यांनी चष्मा लावला. पंच म्हणून त्यांना कुणी नेमलं नव्हतं.

“चिंचोका एक,” तात्या म्हणाले. “जिरं. मोहरी. कढीपत्त्याची काडी. अरे फोडणीच बसलीय की खाली! नुसतं तेल तापवायचं राहिलंय.”

“तेल पण आहे काका,” मेकॅनिक म्हणाला आणि बोटावर तपकिरी लगदा घेऊन दाखवला.

तात्यांनी वास घेतला. खरंच घेतला. “शेंगाचटणी.”

मी काही बोलले नाही. सोलापूरच्या शेंगाचटणीला कुटताना तेल सुटतं हा तिचा मोठेपणा आहे. ते तेल आणि ते कूट जाळीच्या भोकांत जाऊन बसतं हा त्याच मोठेपणाचा भाग. पण या मशीनची पुस्तिका लिहिणाऱ्यानं ‘पास्त्याचे अवशेष’ असं लिहिलंय. त्याच्या घरी शेंगाचटणी नसेल, त्याला मी काय करू?

“आणि ही बघ!” तात्या जवळजवळ उभे राहिले. कडक भाकरीचा तुकडा होता, नखाएवढा. “तीन तास गरम पाणी खाल्लं, औषध खाल्लं, तरी कडा मोडली नाही. ह्याला म्हणायचं भाकरी! कुणी थापली?”

“विकतची आहे तात्या.”

तात्या बसले. माझ्याविषयीचं त्यांचं जे काही मत त्या क्षणी वर चाललं होतं ते तिथंच थांबलं.

मग त्यांनी त्या ढिगात बोट घालायला हात पुढं केला, तर मेकॅनिकनं पटकन मनगट धरलं. “हात नका घालू काका.” पकडीनं त्यानं काचेचा एक त्रिकोणी तुकडा उचलला. दिवाळीत फुटलेल्या ग्लासचा. “सर,” तो माझ्या नवऱ्याकडं वळून म्हणाला, “मॅडमना सांगा, आत काही फुटलं की फिल्टर काढून बघायचा. हा तुकडा पंपात गेला असता तर पंपच बदलावा लागला असता.”

सर बर्म्युडा घालून ओट्याला टेकून उभे होते. सरांनी मान डोलावली. सात महिन्यांत सरांनी मशीनचं दार उघडलंय ते स्वच्छ पेला घ्यायला, नाहीतर आतलं ताट अजून खरकटं आहे हे मला हाक मारून सांगायला. पण स्क्रू-ड्रायव्हर धरलेल्या माणसाला घरात ‘सर’ दिसला की तो मॅडमशी बोलायचा बंद होतो. मी दोन फुटांवर उभी होते. तरी निरोप सरांमार्फत.

“सर, फिल्टर किती दिवसांनी साफ करतात मॅडम?”

“महिन्यातून एकदा,” मी म्हणाले. हे खोटं होतं.

“आठवड्याला करायचा असतो सर. आणि मॅडम ताटं धुऊन लावतात का?”

“विसळून लावते.”

“गरज नाही. खरकटं तेवढं झाडून काढायचं, बाकी मशीन बघतं. उलट्या सुऱ्या लावू नका म्हणावं, टोक खाली पाहिजे. आणि हे काय सर?” त्यानं ओट्यामागनं एक वायर ओढली. टीव्हीची जुनी एक्स्टेन्शन. “हीटर आहे आत. एक्स्टेन्शनवर चालवायचं नसतं. सोळा अँपिअरचा स्वतंत्र प्लग, अर्थिंगसकट. हा बोर्ड बघा, पिवळा पडलाय. हे कुणी जोडलं?”

सरांनी बाहेर बघितलं. “नळ गेला वाटतं,” म्हणाले.

आता मुख्य प्रकरण. मेकॅनिकनं तळाचं एक गोल झाकण उघडलं. त्याखाली मिठाची टाकी असते. “मीठ कधी घातलं होतं?”

“मशीन मीठ खातंय?” तात्या.

“संपलं की लाल दिवा लागतो,” मेकॅनिक म्हणाला. “लागला नव्हता?”

“नाही,” मी म्हणाले. अगदी ठाम. कारण हे खरं होतं. मी दिवा बघितलेला नव्हता.

त्यानं तपासायला प्लग पुन्हा लावला आणि तो पॅनेलकडं वाकला. नखानं काहीतरी खरवडलं. आणि बोटाच्या टोकावर धरून ते उजेडात आणलं. मरून रंगाची टिकली. तिच्या जागी आता लाल दिवा डोळे वटारून बघत होता.

“मॅडम, ही तुमची?”

स्वयंपाकघरात तीन पुरुष होते. तिघांनी आधी टिकली बघितली, मग माझं कपाळ. कपाळावर तीच, त्याच पाकिटातली, त्याच मापाची. कोर्टात याहून कमी पुराव्यावर जन्मठेप होते.

ती टिकली मशीनवर मी मधे एकदा बघितली होती, हे कबूल. आंघोळीला जाताना आरशावर लावतो तशी कुठंतरी लावली असेल मी, म्हणून सोडून दिलं. बाईच्या टिकल्या घरभर असतात. फ्रिजवर असतात, गॅसच्या टाकीवर असतात, एकदा लाइटबिलावर होती.

“दिवा लागला की झाकायचा नसतो पोरी,” तात्या अतिशय मायेनं म्हणाले. ती माया मला अजून टोचतेय. “आमच्या मिलमध्ये एकानं बॉयलरच्या गेजवर टोपी अडकवली होती. साहेबानं त्याला तिथंच घरी पाठवलं.”

आणि तात्या सुटले. मेकॅनिक स्क्रू हातात धरून ऐकत राहिला, आणि मीही, कारण म्हातारा बरोबर बोलत होता. बॉयलरला म्हणे बोअरचं पाणी कधी थेट पाजत नसत. आधी टाकीतनं फिरवायचे. टाकीत बारीक मणी. पाण्यातला चुना ते मणी धरून ठेवतात. धरून धरून मणी दमले की मिठाचं पाणी सोडायचं, मणी चुना सोडतात, मीठ धरतात, पुन्हा कामाला तयार. “मिठाच्या गोण्याच्या गोण्या यायच्या. नाही केलं तर नळ्यांना आतनं थर. थर बसला की कोळसा जास्त खातंय. लय बसला की नळी फुटतीय. तुझ्या पेल्यावर जी साय धरलीय ना, ती हीच.”

“करेक्ट काका,” मेकॅनिक म्हणाला. “मॅडमच्या मशीनमध्ये तेच आहे. छोटा बॉयलरच समजा.”

हे ऐकल्यावर तात्यांना राहवेना. छोट्या बॉयलरच्या जवळ जायला ते उठले आणि उघड्या दारावर हात रोवून आत वाकले. मशीननं पुढं झुकून त्यांना नमस्कार घातला. खालची जाळी घसरली, चमच्यांचा डबा लवंडला, मेकॅनिकनं एक कन्नड शब्द टाकून दोन्ही हातांनी मशीन मागं दाबलं. दारावर भार द्यायचा नसतो, लहान पोरं घरात असली तर फारच जपायचं, आणि मशीन ओट्याखाली स्क्रूनं पक्कं करायचं असतं. “हे का केलं नाही मॅडमनी?” मेकॅनिकनं सरांना विचारलं.

मॅडमनी! मी त्या दिवशी तिथं नसते तर उजनीतला गाळही माझ्याच नावावर लागला असता.

हे मशीन पहिल्यांदा नीट चालतं केलं ते एका बाईनं, हे त्या तिघांतल्या एकालाही ठाऊक नव्हतं. अमेरिकेतल्या जोसेफिन कॉक्रन. घरचे नोकर धुताना तिच्या किमती चिनीमातीच्या ताटांचे टवके उडवायचे, म्हणून बाईंनी डोकं चालवलं. नवरा मागं कर्ज ठेवून गेला. बाई थांबल्या नाहीत. तारेच्या कप्प्यांत ताटं उभी करायची आणि ब्रश न लावता नुसत्या पाण्याच्या फवाऱ्यानं धुवायची, अशी रचना करून 1886 साली पेटंट घेतलं आणि 1893 मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात मांडलं. तिथंही कुणीतरी खुर्ची ओढून बसलंच असणार. ‘मिस्टर कॉक्रनना सांगा’ म्हणायची तेवढी सोय राहिली नव्हती.

मीही धुतल्या तांदळाची नाही. पहिल्याच आठवड्यात सासूबाईंची ॲल्युमिनियमची कढई आत घातली, ती कोळशासारखी काळी होऊन आली. त्या पावडरीत खार जबर असतो, ॲल्युमिनियमला सोसत नाही. सासूबाई अजून फोनवर कढईची चौकशी करतात, एखाद्या आजारी नातेवाइकाची करावी तशी. पितळी डबे, कलईची पातेली, बिडाचा तवा, पोळपाट-लाटणं हे सगळं हातानंच घासावं लागतं. कुकरची शिट्टी आणि रिंगही मी हातानं धुते, शिट्टीत काही अडकलं तर स्फोटाची धास्ती. म्हणजे भांडी घासायचं मशीन आल्यापासून मी भांडी घासते, शिवाय मशीन घासते. हे पावतीवर कुठल्या चौकटीत लिहायचं?

मेकॅनिकनं फवाऱ्याच्या पात्यांची भोकं दाभणानं मोकळी केली, पाण्याचा कडकपणा मोजायच्या पट्टीचा रंग बघून “बापरे” म्हणाला, मशीनवरचा कडकपणाचा आकडा शेवटापर्यंत चढवला, लिंबाचं फूल घालून मशीन रिकामं चालवायला सांगितलं, आणि ती पावती फाडली. “वॉरंटीत बसत नाही सर. मॅडमना सांगा, साधं जेवणातलं मीठ चालत नाही. गुठळ्या होऊ नयेत म्हणून त्यात काय काय घातलेलं असतं, त्यानं आतलं जाम होतं. मशीनचं जाडं मीठ मिळतं, तेच.”

आज सकाळी भाजीच्या गाड्यावर पलीकडच्या बिल्डिंगमधल्या एक बाई, ज्यांच्याशी माझी जेमतेम ओळख, मला म्हणाल्या, “तुमच्या मशीनमधनं अख्खी भाकरी निघाली म्हणे?” काल नखाएवढी होती. जिन्यात तात्यांच्या काकू भेटल्या. त्यांनी वरखाली बघितलं, आवाज बारीक केला आणि विचारलं, “कितीला पडतंय गं?” सांगितलं. काकू जरा वेळ कठड्याला धरून उभ्या राहिल्या. “ह्यांना बॉयलरचं सगळं येतंय,” म्हणाल्या, “चहाची कपबशी कुठं ठेवायची ते नाही येत.” आणि पिशवी उचलून खाली गेल्या.

संध्याकाळी मिठाचं पाकीट आलं, दोन किलोचं. नवरा मदतीला आला. कालपासून तो जरा जास्तच मदतीला येतोय, दुपारी तर न सांगता कपडे वाळत घातले. मी तळाचं झाकण उघडलं, फनेल लावला आणि मीठ ओतायला लागले. खडे आत जातायत, पाणी वर येतंय. पाव किलो. अर्धा किलो. पाकीट निम्म्याच्या खाली गेलं.

“एवढं?” नवरा एकदम म्हणाला.

मी हात थांबवला.

“नाही म्हणजे... तो दिवा रात्री डोळ्यावर यायचा. पाणी प्यायला उठलो की लुकलुक. मग मी घातलं होतं थोडं. तरी जाईना, म्हणून मग ते... तुझ्या आरशावरचं...”

“किती घातलं होतंस?”

“दोन चमचे,” तो म्हणाला. “चवीपुरतं.”