साडेचार वर्षांची पदवी आणि परत आलेला अर्ज : एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय महोदय,

इंग्लंडमध्ये ऑक्युपेशनल थेरपिस्ट (आजार किंवा अपंगत्व असतानाही रोजची कामे स्वतः करता यावीत म्हणून मदत करणारे उपचारक) म्हणून नोंदणी कशी होते, या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी दोन-तीन वेळा सावकाश वाचली. दोन ओळींत आभार मानून मोकळे व्हावे अशी ती नाही, म्हणून हे सविस्तर उत्तर.

इतर वाचकांसाठी आपले म्हणणे आधी थोडक्यात मांडते. आपल्या मुलीने नागपुरातून बीओटीएच, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीची पदवी, पूर्ण केले, इंटर्नशिप केली, त्यानंतर तीन वर्षे एका बालविकास केंद्रात काम केले आणि मग ब्रिटनमधल्या हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिल या नियामक संस्थेकडे, म्हणजे एचसीपीसीकडे, नोंदणीसाठी अर्ज केला. काही मानकांबाबत (नोंदणीसाठी अंगी असाव्या लागणाऱ्या कौशल्यांबाबत) पुरेसा पुरावा दिसत नाही, तरी अधिक माहिती पाठवावी, असे उत्तर तिला आले. यावर आपण लिहिता की जिथे तीन वर्षांत पदवी मिळते त्या देशाने साडेचार वर्षे शिकलेल्या मुलीला प्रश्न विचारावेत हा उघड दुजाभाव आहे. अभ्यासक्रमाला ऑक्युपेशनल थेरपिस्टांच्या जागतिक महासंघाची मान्यता असताना पुन्हा छाननी करण्याचे कारणच नाही. आणि ‘नीट लिहिले की नोंदणी होते’ असे सांगणारी मी, स्वतः आत पोहोचल्यामुळे, आता दाराची बाजू घेऊन बोलते आहे.

आपला शेवटचा आक्षेप मी आधी घेते, कारण तो मला लागला आणि त्यात तथ्य आहे. 2017 साली मी अर्ज केला तेव्हा अभ्यासक्रमाची माहिती देणारा फॉर्म महाविद्यालयानेच भरून, सही-शिक्क्यासह द्यायचा होता. कोणता विषय किती तास शिकवला, कोणत्या विभागात किती तास प्रत्यक्ष काम करून घेतले, असे सगळे त्यात लिहावे लागते. माझा फॉर्म कार्यालयातल्या एका टेबलावर अकरा आठवडे पडून राहिला. माझा भाऊ दादरला राहतो. तो रजा टाकून तीनदा तिथे गेला, जुने अभ्यासक्रम धुंडाळून काढायला त्याने हातभार लावला, तेव्हा कुठे तो फॉर्म हलला. ही गोष्ट मी मूळ लेखात लिहिली नाही. जिच्यासाठी तीन वेळा खेटे घालणारे घरात कोणी नाही, तिने कितीही नीट लिहिले तरी तिचा अर्ज अडून राहतो. छाननीचे शुल्क परत मिळत नाही, आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा खर्च वेगळा, आणि ही रक्कम इथल्या ब्रिटनमधल्या पगारातून नव्हे तर भारतातल्या पगारातून उभी करायची असते. माझे ते वाक्य अर्धेच खरे होते. मूळ लेखात मी ते दुरुस्त केले आहे.

मात्र एक गोष्ट आपण शांतपणे पाहावी अशी विनंती आहे. मुलीला आलेले पत्र हा नकार नाही. एचसीपीसीचे मूल्यमापक त्याच व्यवसायातले नोंदणीकृत लोक असतात; ते अर्ज वाचून नोंदणी मान्य करतात, अधिक माहिती मागतात किंवा नकार देतात, आणि नकार मिळालाच तर 28 दिवसांत अपील करता येते. ज्या मानकांचा पुरावा दिसला नाही ती पत्रात क्रमांकासह दिलेली असतात. म्हणजे बाकीच्या मानकांबाबत शंका उरलेली नाही, असाही त्या पत्राचा अर्थ होतो. घरात ते पत्र ‘अर्ज फेटाळला’ म्हणून वाचले गेले असेल, तर ती समजूत आजच दूर करावी.

आता महासंघाच्या मान्यतेविषयी. या बाबतीत आपला अभिमान माझाही आहे. 1950 साली कमला निंबकर यांनी मुंबईच्या केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीचे देशातले पहिले शिक्षण सुरू केले, आणि 1952 साली जागतिक महासंघ स्थापन झाला तेव्हाच्या दहा संस्थापक देशांत भारत होता. त्यामुळे ‘आपल्याकडचे शिक्षण दुय्यम’ असे कोणी म्हणत असेल तर त्याला हा इतिहास ठाऊक नाही. परंतु महासंघ अभ्यासक्रमाला मान्यता देतो, किमान एक हजार तासांच्या प्रत्यक्ष कामाची अट घालतो, आणि तिथे त्याचे काम संपते. एखाद्या देशात कोणी ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणवून घ्यावे हे तो ठरवत नाही. ब्रिटनमध्ये हे नाव कायद्याने संरक्षित आहे. नोंदणीशिवाय ते लावणे हा गुन्हा ठरतो, मग पदवी कुठलीही असो.

तीन वर्षे आणि साडेचार वर्षे या तुलनेतही एक गफलत आहे, आणि ती फार जणांची होते. इथल्या विद्यापीठातून तीन वर्षांत बाहेर पडलेल्या मुलीला हे प्रश्न विचारले जात नाहीत हे खरे, पण त्याचे कारण तिला सूट मिळते असे नाही. तिचा अभ्यासक्रमच एचसीपीसीने आधी तपासून मंजूर केलेला असतो. मानकांचा हिशेब विद्यापीठाने तिच्या वतीने देऊन ठेवलेला असतो. ब्रिटनबाहेर शिकलेल्यांच्या बाबतीत तो हिशेब प्रत्येकीला स्वतः द्यावा लागतो, मग ती नागपूरची असो की सिडनीची. अशा हिशेबात वर्षे मोजली जात नाहीत.

मग काय मोजले जाते? इथे मला जरा थांबून लिहावेसे वाटते, कारण मुलीच्या पत्राचे उत्तर याच जागी दडलेले आहे असा माझा कयास आहे.

आपण ज्या पद्धतीत शिकलो तिच्यात परीक्षेचे उत्तर म्हणजे यादी. पक्षाघातानंतरचे उपचार सांगा म्हटले की स्नायूंचा ताण, सांध्यांच्या हालचाली, स्प्लिंट, हाताचे व्यायाम, दैनंदिन क्रियांचे प्रशिक्षण अशी दहा-बारा नावे क्रमाने लिहायची. जितकी नावे तितके गुण. अर्जातही मी प्रथम तेच केले होते. माझ्या पहिल्या मसुद्यात एक वाक्य होते : ‘पक्षाघाताच्या रुग्णांना हाताचे उपचार व दैनंदिन क्रियांचे प्रशिक्षण दिले.’ यात खोटे काहीच नव्हते, पण हे वाक्य कोणीही लिहू शकले असते. वाचणाऱ्याला त्यातून मी काय पाहिले, काय ठरवले आणि का ठरवले, यातले काहीही कळत नव्हते.

एका वरिष्ठ मैत्रिणीने तो मसुदा परत केला आणि एकच रुग्ण निवडून लिही म्हणाली. मी कल्याणच्या एका बाईंविषयी लिहिले. त्यांची डावी बाजू लुळी पडली होती. आमच्या विभागात ठरलेले व्यायाम त्या निमूटपणे करत, पण घरी गेल्यावर काहीच करत नसत. विचारले तेव्हा म्हणाल्या, सून भाकऱ्या करते, मी नुसती बसून खाते, मला लाज वाटते. त्यानंतर आम्ही बाकीचे सगळे बाजूला ठेवून पीठ मळणे हाती घेतले. अडचण हाताच्या ताकदीची कमी आणि परातीची जास्त होती. एका हाताने मळायला गेले की परात ओट्यावर गोल फिरायची. मी परातीखाली ओले फडके चौपदरी घडी करून ठेवले. परात जागची हलेनाशी झाली. उजव्या हाताने मळायचे आणि डाव्या हाताचा भार परातीच्या काठावर नुसता टेकवायचा, असे करता करता डावा हातही कामात आला. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी पहिली भाकरी थापली. ती एका बाजूला जाड झाली होती, पण सुनेने ती ताटात आधी वाढून घेतली.

हे मी इंग्रजीत दीड पानात लिहिले : बाईंना काय हवे होते हे कसे समजले, कोणती कृती निवडली, ती कृती टप्प्याटप्प्यांत कशी फोडली, परिसरात कोणता बदल केला, घरातल्यांना कसे सामील करून घेतले आणि परिणाम कसा पडताळला. मानकांत मागितलेल्या बहुतेक गोष्टी त्या एका परातीत होत्या. इथे लेस्टरमध्ये आल्यावर पहिल्याच आठवड्यात मला डायसेम नावाची न घसरणारी चटई दाखवण्यात आली, ताटाखाली किंवा भांड्याखाली ठेवण्यासाठी. ती पाहताच मला ते ओले फडके आठवले. काम आपण तेच करत होतो, महोदय. फक्त ते आपण केले हे सांगण्याची सवय आपल्याला कोणी लावली नव्हती.

मात्र सगळा दोष लिहिण्याच्या सवयीवर ढकलला तर ती आपली फसवणूक होईल. काही उणिवा खऱ्याच असतात. माझ्या बाबतीत सर्वांत मोठी उणीव संमतीविषयीची होती. आपल्याकडे रुग्णाच्या पलंगाशी मुलगा उभा असतो, निर्णय तो सांगतो, सही तो करतो, आणि आपणही नकळत त्याच्याशीच बोलतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2005 चा मानसिक क्षमता कायदा आहे. एखादी व्यक्ती इतरांना शहाणपणाचा न वाटणारा निर्णय घेते, एवढ्यावरून ती निर्णय घ्यायला असमर्थ आहे असे मानता येत नाही, हे त्याचे एक मूलभूत तत्त्व. ते पाठ करायला मला एक संध्याकाळ पुरली, अंगी मुरायला दोन वर्षे लागली. जिना चढताना दोनदा पडलेले एक आजोबा वरच्याच खोलीत झोपणार म्हणून हटून बसले होते, कारण पत्नीच्या निधनापर्यंत दोघे तिथे झोपत असत. त्यांच्या मुलाला त्यांची खाट खालच्या बैठकीत हवी होती. माझे मन पूर्णपणे मुलाच्या बाजूने होते. तरीही मला आजोबांना धोका समजावून सांगावा लागला, तो त्यांना समजला आहे याची खात्री करून ती नोंदवावी लागली, आणि मग जिन्याला दुसऱ्या बाजूनेही कठडा बसवून देण्याची शिफारस लिहावी लागली. अशा बाबतीत मूल्यमापक प्रश्न विचारतात तेव्हा ते आपल्या पदवीचा अपमान करत नाहीत, असे मला मनापासून वाटते. त्या आजोबांच्या घरी जाणारी व्यक्ती त्यांच्याशी बोलेल की त्यांच्या मुलाशी, हे मूल्यमापकांना नोंदणीपूर्वी कळायला हवे.

दुजाभाव कुठेच नाही असे मी म्हणणार नाही. नोंदणीनंतर नोकरी शोधताना, उच्चारांवरून, आडनावावरून तो भेटतो, आणि त्याविषयी मी स्वतंत्रपणे लिहीन. पण या पत्रात तो शोधत बसलो तर उत्तर देण्याची मुदत निघून जाईल.

दोन गोष्टी ओघात सांगून ठेवते. प्रश्नांची तयार उत्तरे विकणाऱ्या एजंटांपासून मुलीला कृपया दूर ठेवा. तीच वाक्ये दहा अर्जांत वाचणाऱ्याच्या लक्षात येतातच, आणि मग प्रश्न लेखनाचा राहत नाही, प्रामाणिकपणाचा होतो. दुसरे, नोंदणीच्या खटपटीत तिने सध्याचे काम सोडू नये. प्रत्यक्ष कामात दोन ते पाच वर्षांचा खंड पडला तर 30 दिवस, आणि त्याहून अधिक खंड पडला तर 60 दिवस देऊन ज्ञान अद्ययावत केल्याचे दाखवावे लागते, आणि त्यातले निम्म्याहून अधिक दिवस घरी बसून केलेल्या वाचनाचे चालत नाहीत. लग्न, बाळंतपण यांमुळे आपल्याकडच्या कित्येक मुली याच ठिकाणी अडकलेल्या मी पाहिल्या आहेत.

आपल्या प्रतिक्रियेत एक वाक्य आपण जाता जाता लिहून गेला आहात : ‘शाळेच्या बुटांची लेस बांधता येत नाही म्हणून वर्गात रडणाऱ्या मुलाला माझ्या मुलीने चार महिने शिकवले, ती आता या लोकांना आणखी काय सिद्ध करून दाखवणार?’ मला त्या वाक्याने आनंद झाला. तिने नेमके हेच दाखवावे. बूट त्या मुलाने स्वतः निवडले होते की आईने. बोटांची अडचण होती, नजरेची होती की क्रम लक्षात ठेवण्याची, आणि ते तिने कसे ओळखले. लेसच्या दोन टोकांना दोन रंग दिले होते का. सुरुवात शेवटच्या गाठीपासून केली की पहिल्या फासापासून, आणि का. वर्गशिक्षिकेशी ती काय बोलली. तिचा कोणता उपाय फसला आणि मग तिने काय बदलले. पत्रातले मानकांचे क्रमांक समोर ठेवून तिने त्या एका मुलाविषयी दोन पाने लिहावीत, आधी मराठीत लिहिली तरी चालतील. मुलाचे नाव व ओळख पटेल असा कोणताही तपशील गाळून तिने ती मला पाठवावीत. येत्या शनिवार-रविवारी मी ती वाचून, पेन्सिलीने खुणा करून परत पाठवते.

आपली नम्र,
या ब्लॉगची लेखिका