रडल्यानं बाळाच्या मेंदूवर डाग पडत नाही

कोरोनात फिरलेला 'गर्भवती मातांसाठी महत्त्वाची सूचना' हा मेसेज परवा आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर पुन्हा आला. खाली 'मोठ्या डॉक्टरांचा सल्ला', डॉक्टरांचं नाव मात्र नाही. 2021 च्या मे महिन्यात हाच मेसेज माझ्या धाकट्या बहिणीच्या सासरी पोचला होता, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात. तिला तेव्हा सातवा महिना होता. म्हणून या वेळी मी गप्प बसणार नाही.

मेसेज म्हणतो, 'आई रडली की बाळाच्या मेंदूवर काळा डाग पडतो. साथीच्या काळात तिला फोन देऊ नये, माहेरी बोलू देऊ नये, वेगळ्या खोलीत शांत ठेवावं.'

हे धादांत खोटं आहे. असा डाग पडत नाही. सासरच्यांनी केलं ते काळजीपोटीच, पण केलं काय, तर कापूस भरायच्या खोलीत तिची खाट टाकली आणि फोन काढून घेतला. पहिलं बाळंतपण, माहेरी यायचं ठरलेलं, पण जिल्हा ओलांडायला ई-पास लागायचा आणि इकडे बाबा पॉझिटिव्ह. ती रात्री रडायची, मग रडलो म्हणून घाबरून पुन्हा रडायची. पंधरा दिवसांनी फोन हातात आला तेव्हा पहिलं वाक्य हे: "ताई, माह्या लेकराच्या डोक्यात डाग पडला असन काय?" बारशाला गेले तेव्हा खाटेच्या उशाकडच्या भिंतीवर नखानं ओढलेल्या रेघा पाहिल्या. जितक्यांदा रडली तितक्या. एकोणीस होत्या.

मेसेजमध्ये थोडं खरं आहे, तेही सांगते. महिनोन्महिने टिकलेल्या आणि उपचार न झालेल्या नैराश्यात बाळ वेळेआधी किंवा कमी वजनाचं होण्याचा धोका वाढतो. पण त्यावर उपाय मदत आहे, कोंडून ठेवणं नाही. बातम्या कमी पाहा, हे तर जागतिक आरोग्य संघटनेनं मार्च 2020 मध्येच सांगितलं होतं. त्याच सूचनांत आपल्या माणसांशी बोलत राहा असंही होतं. मेसेजवाल्यानं ते बरोबर उलटं केलं.

मेसेज पुढे म्हणतो, 'डिप्रेशन शहरातल्या रिकाम्या बायांना होतं, शेतात राबणारीला नाही.' याच संघटनेचे आकडे सांगतात की जगभरात गरोदरपणात सुमारे 10 टक्के आणि बाळंतपणानंतर 13 टक्के बायांना मानसिक आजार होतो, मुख्यतः नैराश्य. विकसनशील देशांत हेच प्रमाण 15.6 आणि 19.8 टक्के आहे. म्हणजे पाच बाळंतिणींमागे जवळपास एक. आपल्याकडची बाई डिप्रेशन म्हणत नाही. ती म्हणते, 'जीव घाबरा होते', 'मन नाई लागत', आणि तिला लोहाच्या गोळ्या देऊन घरी पाठवतात.

'दवाखान्यात कोरोना चिकटतो, लस नकोच.' तपासणी चुकली की वाढलेला रक्तदाब कोणाला कळणार? लसीला तर सरकारनं 2 जुलै 2021 ला गरोदर बायांसाठीही परवानगी दिली, कारण त्यांना कोरोना झाला तर तो जास्त गंभीर होऊ शकतो.

'मनाची गोळी घेतली की बाळ अपंग.' काही औषधं गरोदरपणात चालत नाहीत, खरं आहे. ती डॉक्टर बदलून देतात. चालू गोळी आपल्या मनानं बंद करणं त्याहून धोक्याचं.

माझ्या बहिणीला फोन परत मिळाला तो गावच्या आशाताईमुळे. ती मास्क लावून ओसरीवर उभी राहिली आणि वजन-रक्तदाब विचारायच्या आधी म्हणाली, "झोप लागते का?" बहीण तिथेच रडायला लागली. आशाताईनं सासूबाईंना बाजूला नेलं, आणि दुसऱ्या दिवसापासून रोज दुपारी आम्ही अर्धा तास बोलायला लागलो.

तेव्हा टेलिमानस, म्हणजे मनाच्या त्रासासाठीची सरकारी फोनसेवा, नव्हतं. ऑक्टोबर 2022 पासून आहे: 14416, फुकट, रात्रीही, मराठीत. नंबर ग्रुपवर टाकला आहे. मेसेज पाठवणाऱ्या काकूंच्या सुनेला पाचवा महिना आहे. उद्या सकाळी मी काकूंना फोन करणार आहे, आणि सुनेलाही द्या म्हणणार आहे.