रांगेतल्या बायकांबद्दल : 'एक करदाता' यांना उत्तर

नमस्कार,

तुरुंगातल्या मुलाखतीवर, म्हणजे घरच्यांनी कैद्याला भेटण्यावर, मी लिहिलेल्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. इतरांसाठी ती थोडक्यात सांगते. भेट झाल्यावर कैदी आणखी बिथरतो हे मीच लिहिलंय, मग भेटी हव्यातच कशाला, व्हिडिओ कॉल पुरे. गुन्हा करताना घरचे आठवले नव्हते का? खर्च आमच्या करातून होतो. पीडितांच्या घरच्यांचं काय? आणि शेवटी, 'जेलबाहेर पिशव्या घेऊन उभ्या असतात त्या बायका काय लायकीच्या असतात ते आम्हाला माहीत आहे.'

या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण ते वाचल्यापासून दुसरं काही सुचत नाहीये.

त्या बायकांमध्ये माझी आई होती. लालबागच्या चाळीत आयुष्य गेलेली, शेजारणीकडे विरजण मागायलाही संकोचणारी बाई. माझा दादा ज्या ऑफिसात कारकून होता तिथे घोटाळा झाला, कागदांवर सह्या त्याच्या होत्या, तो आत गेला. जामीन मिळेपर्यंत आई मुंबईजवळच्या एका तुरुंगाबाहेर रांगेत उभी राहत आली. पुढे दादा निर्दोष सुटला. पण सुटला नसता तरी आई त्या रांगेत असतीच, आणि तुमचं वाक्य तितकंच घाणेरडं राहिलं असतं.

पिशवीत काय असतं म्हणून विचारलं असतंत तर सांगितलं असतं. दोन धुतलेले शर्ट, टॉवेल, आधारकार्डाच्या झेरॉक्स. घरचं जेवण कोर्टाच्या परवानगीशिवाय आत जात नाही, त्यामुळे डबा नाही. खर्चाचे पैसे मनीऑर्डरने. फॉर्म कसा भरायचा हे आईला मुंब्र्याहून येणाऱ्या एका बाईने शिकवलं. वकीलपत्र म्हणजे काय ते दुसरीने समजावलं. नातवाला कडेवर घेऊन उभी राहणारी एक आजी आईला हमखास सावलीतली जागा धरून ठेवायची. या बायकांची लायकी तुम्ही काढलीत. तुम्ही त्यांच्याशी कधी एक शब्द तरी बोलला आहात का?

मधे काच, कानाला फोन. आई आधी तो फोन पदराने पुसायची, मग विचारायची, "जेवलास का?" अर्धा वेळ वकिलाची फी आणि पुढची तारीख यातच जायचा. मग ती म्हणायची, "मागे वळ बघू." आणि चाळिशीतला माझा भाऊ शाळेच्या गणवेशाचं माप देणाऱ्या पोरासारखा निमूट वळायचा. मार बसला नाही ना, वजन उतरलं नाही ना, हे तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असे. तिच्यासाठी मुलाखत म्हणजे मुख्यतः हेच.

आता तुमच्या मुद्द्याकडे येते. हो, भेटीनंतर कैदी बिथरतो. त्या संध्याकाळी दादा जेवत नसे, भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. एकदा बादलीवरून त्याची हाणामारीही झाली. हे त्याने सुटल्यावर सांगितलं. पण मी पुढेही लिहिलं होतं, ते तुम्ही सोडून दिलंत. दोन दिवसांनी तो ताळ्यावर यायचा आणि पुढची मुलाखत जवळ आली की दाढी करायचा, चांगला शर्ट राखून ठेवायचा, कोणाच्या अध्यातमध्यात पडायचा नाही. फ्लोरिडातल्या कैद्यांवर २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नेमकं हेच दिसलं. भेटीआधी बेशिस्त कमी होते, भेट झाल्याझाल्या वाढते, मग पूर्वपदावर येते. अमेरिकेतल्याच मिनेसोटा राज्याच्या तुरुंग विभागाने २०११ साली १६,४२० सुटलेल्या कैद्यांचा अभ्यास केला होता. ज्यांना भेटायला कोणी येत होतं, त्यांना नव्या गंभीर गुन्ह्यात पुन्हा शिक्षा होण्याची शक्यता १३ टक्क्यांनी कमी निघाली.

दादाच्या बॅरेकमध्ये एक मुलगा होता, त्याच्याकडे कोणी फिरकत नसे. तो अगदी शांत असायचा. इतका, की तारखेला कोर्टात न्यायला आले तरी उठायचा नाही. तुम्हाला हवी आहे ती शांतता हीच असेल, तर ती मला नको आहे. भेटीनंतर माणूस रडतो, चिडतो, कारण बाहेरचं कोणीतरी अजून त्याचं आहे. तेवढंही काढून घेतलंत तर सुटल्यावर तो जाणार कोणाकडे?

व्हिडिओ कॉलबद्दल तुमचं म्हणणं काही अंशी मान्य आहे. २०२० मध्ये भेटी बंद झाल्या तेव्हा ई-मुलाखतीनेच कित्येकांना तगवलं, आणि ज्याचं घर नांदेडला किंवा आझमगढला आहे त्याला आजही तिचा आधार आहे. ती वाढवावी. पण प्रत्यक्ष भेटीच्या बदल्यात नाही. तारखासुद्धा आता बऱ्याचदा स्क्रीनवरच होतात, त्यामुळे कोर्टाच्या व्हरांड्यात लांबून का होईना दिसणारा माणूस आधीच कमी दिसू लागला आहे.

'गुन्हा करताना'? एनसीआरबीच्या, म्हणजे देशभरच्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या विभागाच्या, आकड्यांप्रमाणे २०२२ अखेर देशातल्या ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. खटला संपलेला नाही, गुन्हा सिद्ध झालेला नाही. तुम्ही मात्र निकाल देऊन मोकळे झालात.

पीडितांच्या घरच्यांचं दुःख मी नाकारलेलं नाही, पण एका म्हातारीची भेट बंद केल्याने ते हलकं होणार नाही. कर मीही भरते. आणि भेट ही मेहेरबानी आहे असं वाटत असेल तर सर्वोच्च न्यायालयाचा फ्रान्सिस कोराली मुलिन खटल्यातला १९८१ चा निकाल काढून बघा. घरच्यांना भेटता येणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं त्यात सांगितलं आहे. ती कैदी तर स्थानबद्धतेतली, म्हणजे खटल्याविना डांबून ठेवलेली बाई होती, तरीही.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही. मुद्द्यावर लिहिलंत तर पुन्हा उत्तर देईन. त्या बायकांबद्दल मात्र इथे परत एक अक्षर लिहिलंत तर ते ठेवणार नाही, आणि काढताना तुम्हाला विचारणारही नाही.