चवथीचं घुमट आणि शिकागोचा 'मेनिया'

गेल्या चवथीला, म्हणजे गोव्यातल्या गणेश चतुर्थीला, आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जे भांडण पेटलं ते अजून विझलेलं नाही. झालं असं की माझ्या पुतण्याने आणि गावात आमच्या वाड्यावरच्या चार-पाच पोरांनी घुमट आरतीला, म्हणजे घुमट या चामडं लावलेल्या मातीच्या वाद्यावर म्हणायच्या आरतीला, कीबोर्ड आणि ड्रम पॅड लावला, चाल नवीन बसवली आणि माटोळीसमोर, म्हणजे गणपतीवर फळं-पानं बांधून केलेल्या सजावटीसमोर, उभं राहून सगळ्यांपुढे ती म्हटली. व्हिडिओ ग्रुपवर पडला आणि पाच मिनिटांत काकांचा मेसेज, आरतीचा डीजे केलात, आजोबा असते तर घुमट हातातून काढून घेतलं असतं. मग मुंबईची आत्या, पणजीचे दादा, दुबईचा मामेभाऊ, सगळे त्या पोरांवर तुटून पडले. मीसुद्धा. शिकागोजवळ राहून, तेरा वर्षांत दोनच चवथी घरी केलेल्या असताना, मी लिहिलं की आपली आरती आहे तशीच राहू दे.

ते लिहिल्याचं मला आता वाईट वाटतंय, आणि का वाटतंय ते सांगायचं तर एका अमेरिकन बँडबद्दल बोलावं लागेल.

फॉल आउट बॉय हा इथलाच बँड, शिकागोच्या उत्तरेला विल्मेट नावाचं उपनगर आहे तिथला, २००१ पासूनचा. पॉप पंक म्हणजे फास्ट गिटार, तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं आणि सगळ्या हॉलला एकदम ओरडून म्हणता येईल असा कोरस. मी इथे नवीन आलो तेव्हा ऑफिसमधला एक जण मला रोज गाडीतून सोडायचा, तो याच गाण्यांवर मोठा झालेला, त्याच्यामुळे मलाही हा नाद लागला. २०१७ च्या एप्रिलमध्ये त्यांचं 'यंग अँड मेनस' हे गाणं आलं आणि त्याने ते गाडीत अर्ध्यावरच बंद केलं. म्हणाला हा माझा बँड नाही. खरंच, त्यात गिटार शोधावी लागते, गायक पॅट्रिक स्टंपचा आवाज तुकडे करून, चिरका करून, त्याचंच वाद्य बनवलंय आणि कोरसच्या जागी ईडीएमचा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिकचा दणका. ते ज्या अल्बममधलं, तो सप्टेंबरात यायचा होता, पण घाई होतेय असं स्टंपनेच जाहीर सांगून तो पुढे ढकलला आणि शेवटी १९ जानेवारी २०१८ ला 'मेनिया' आला. दहा गाणी. बिलबोर्ड २०० या अमेरिकेतल्या अल्बमांच्या यादीत पहिला नंबर, ग्रॅमीचं बेस्ट रॉक अल्बमचं नॉमिनेशन, सगळं झालं, पण जुने फॅन्स नाराज ते नाराजच.

माझं मत विचाराल तर अल्बम निम्मा जमलाय आणि निम्मा फसलाय. आणि मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे की कुठला निम्मा जमला. 'हेवन्स गेट' ऐका. संथ, जुन्या सोल गाण्यांसारखं (कृष्णवर्णीय अमेरिकनांचं आर्त गाणं ते सोल), आणि स्टंप वरच्या पट्टीत असा काही जातो की अंगावर काटा येतो. 'चर्च' मध्ये घंटा आहेत, मागे कोरस आहे, तरी ते त्यांचंच गाणं वाटतं. 'द लास्ट ऑफ द रिअल वन्स' तर पियानोवर धावत सुटतं. ही तिन्ही गाणी पॉप पंक नाहीत, पण स्टंपच्या गळ्यात सोल पहिल्यापासून होतं, गिटारच्या गोंगाटात ते दबलेलं असायचं इतकंच, इथे त्याला जागा मिळाली. आणि फसलंय कुठे, तर जिथे त्या वर्षी रेडिओवर जे चाललं होतं ते आणून चिकटवलंय तिथे. 'सनशाईन रिपटाईड' मध्ये बर्ना बॉय आहे, केवढा मोठा गायक, पण तो येतो आणि जातो, गाणं होतं तिथेच राहतं.

म्हणजे प्रयोग केला हा दोष नाहीच. स्वतःकडे जे होतं त्यातून केलं ते जमलं, उसनं आणलं ते फसलं.

हे डोक्यात आल्यावर मी पुतण्याचा व्हिडिओ परत बघितला, या वेळी हेडफोन लावून, पूर्ण, सात मिनिटं. पहिली दोन मिनिटं खरंच वाईट आहेत, ड्रम पॅडने शामेळ, म्हणजे घुमटाच्या साथीचा काठ्यांनी वाजवायचा ताल, पार गिळून टाकलंय आणि कासाळं, म्हणजे मोठी झांज, फक्त हलताना दिसतं, ऐकू येत नाही. पण नंतर एका जागी ड्रम पॅड थांबतो, कीबोर्डवर एकच सूर धरलेला, आणि त्यावर फक्त घुमट. पोराचा डावा हात घुमटाच्या लहान तोंडावर, तळवा जरा दाबला की आवाज बंद, सोडला की तो पोटातून येतो तसा घुमतो, आणि उजव्या हाताची बोटं चामड्यावर. हा हात आजोबांचा आहे. त्यांच्याशेजारी बसून शिकलेला आहे. आम्ही कुणीच तिथपर्यंत व्हिडिओ बघितला नव्हता, काकांनीही नाही, मी त्यांना फोन करून विचारलं.

आणि आहे तसंच म्हणजे कसं, हाही प्रश्न आहेच. आजोबांच्या घुमटाला घोरपडीचं चामडं होतं. वन्यजीव कायद्याने ते बंद झालं, आता बकरीचं लावतात, जुने लोक अजून म्हणतात तो नाद नाही. २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं ते या बदललेल्या घुमटालाच ना? आणि ज्यांच्या नावाने आपण छाती पुढे काढतो त्या मंगेशीच्या जितेंद्र अभिषेकीबुवांनी काय केलं? १९६४ ला गोवा हिंदू असोसिएशनचं 'मत्स्यगंधा' हे संगीत नाटक आलं, मग १९६७ ला 'कट्यार काळजात घुसली', नाट्यगीत त्यांनी आटोपशीर केलं, चालींचा ढंगच बदलला. पण आधी ते जुनं सगळं गळ्यात होतं, म्हणून बदललेलंही टिकलं, आज काका तेच जुनं आणि अस्सल म्हणून गातात.

इथे परदेशात सगळे मोठ्या मनाचे आहेत असं माझं अजिबात म्हणणं नाही. याच बँडचा २००८ चा अल्बम 'फोली आ द्यू' आला तेव्हा शोमध्ये नवीन गाणं सुरू झालं की लोक हुर्यो करायचे, २००९ संपता संपता बँडने ब्रेक घेतला तो थेट २०१३ ला परत आला. आणि आज तोच अल्बम फॅन्स डोक्यावर घेतात. पण इथे एक गोष्ट आहे की बँडला पुढचा अल्बम करायला मिळतो. 'मेनिया' नंतर पाच वर्षांनी, २०२३ मध्ये, ते जुन्या प्रोड्युसरकडे, नील ॲव्हरनकडे परत गेले, गिटारही परत आली, आणि ऐकताना जाणवतं की 'मेनिया' मध्ये मोकळा झालेला आवाज त्यांनी सोडलेला नाही. आपल्या वाड्यावर सतरा वर्षांच्या पोराला घरातल्या अकरा जणांनी एका दिवसात झोडपलं तर तो पुढच्या चवथीला घुमट खांद्याला लावेल का, याची मला खरंच भीती वाटते. घुमट वाजवणारी पोरं किती उरलीयत वाड्यावर? आमच्या घरात तर तो एकटाच. दुबई, शिकागो, मुंबईत बसलेले आम्ही काही आरतीला उभे राहणार नाही.

मी त्याला फोन केला. आधी तो बोलेचना, हं हं करत होता. मी म्हटलं, पहिली दोन मिनिटं मला नाही आवडली, ड्रम पॅड काढ, पण चौथ्या मिनिटाला जे केलंस ते मी दहा वेळा ऐकलं. जरा थांबून म्हणाला, काका, तो कीबोर्डचा सूर शामेळाशी नीट लागत नाहीये, ते आधी बघतो. काल रात्री त्याचं एक रेकॉर्डिंग आलं, चाळीस सेकंदांचं, ग्रुपवर नाही, फक्त मला. त्यात ड्रम पॅड नाहीये.