तुझं प्लॅगॅरिझम झालं का?

आमच्या विद्यापीठात हा प्रश्न कॅन्टीनमध्ये मोठ्या आवाजात विचारतात. प्रबंध जमा करण्याआधी ग्रंथालयात जाऊन इतरांच्या लेखनाशी असलेलं साम्य तपासून आणायचं, त्याला सगळे 'प्लॅगॅरिझम करून आणणं' म्हणतात. प्लॅगॅरिझम म्हणजे वाङ्मयचौर्य; चोरी करून आणली का, असं आपण विचारतोय हे कुणाच्या गावीही नसतं.

माझा विषय ज्ञानेश्वरीतल्या उपमा. ३१२ पानं, सहावं वर्ष. टायपिंग मागच्या गेटसमोरच्या झेरॉक्सवाल्या काकांचं.

रिपोर्ट आला: शून्य टक्के! ग्रंथालयातल्या ताई खुर्चीतून उठल्याच. "सर, शून्य मी पहिल्यांदा बघतेय." मी विनयाने मान खाली घातली आणि समोरचं पान दिसलं. ओव्यांच्या जागी इंग्रजी अक्षरं, डॉलर, कंस, टक्क्यांची चिन्हं. काकांचा फॉन्ट जुना, युनिकोडच्या (म्हणजे कुठल्याही संगणकाला मराठी अक्षरं ओळखता येतात त्या पद्धतीच्या) आधीचा. सॉफ्टवेअरला मराठीचा एक शब्द दिसला नव्हता. असा मजकूर पृथ्वीतलावर आजवर कुणी लिहिलाच नव्हता, म्हणून शून्य.

"युनिकोडात करून देतो की," काका म्हणाले. "पानाला चार रुपये." दिलं करून. फक्त रफार उडाले. धर्माचा 'धम' झाला, कर्मयोगाचा 'कमयोग'. सहा वर्षांतला माझा वेग बघता हा दुसरा शब्द बरोबरच होता म्हणा. पण दोन आठवडे बसून रफार दिले.

नवा रिपोर्ट: ४१ टक्के. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमाप्रमाणे १० पर्यंत माफ, ४० च्या वर गेलात तर वर्षभर प्रबंध देता येत नाही. मी घाम पुसत पानं उलटली. ग्रंथ १२९० सालचा, पण रिपोर्टात ओव्यांचे मालक वेगळेच. नवव्या अध्यायाच्या ओव्या शोधगंगेवरच्या (तिथे देशभरातले प्रबंध ऑनलाइन ठेवतात) कुठल्याशा संशोधकाच्या नावावर. पसायदान मी एका गृहनिर्माण सोसायटीच्या स्मरणिकेतून ढापलं होतं.

"अवतरणचिन्हं का नाही घातली? घातली की ते वगळता येतं," ताई म्हणाल्या. घातली होती हो! रफारांबरोबर तीही गेली.

पुन्हा बैठक मारली. सलग चौदा शब्दांपर्यंतचं साम्य नियमात माफ आहे, म्हणून पहिली ओवी बोटांवर मोजली. दहा शब्द. म्हणजे एक ओवी घेतली तर योगायोग, लागोपाठ दोन घेतल्या की चोरी. ऋणनिर्देश मात्र तपासणीतून पूर्ण वगळलेला. तरीच प्रत्येक प्रबंधात 'माझ्या सहचारिणीने संसाराची धुरा समर्थपणे' सांभाळलेली असते.

तिसऱ्या वेळी १६. उरलेलं साम्य शोधलं तर त्यातले नऊ टक्के एकाच लेखाशी. लेखक: मी. पदवीसाठी शोधनिबंध छापायलाच हवा होता, छापला, आणि आता तोच अंगावर आला.

गाइड मॅडमनी अर्ज लिहायला सांगितला. लेखक म्हणून मी संशोधक म्हणून मला माझा लेख वापरण्याची परवानगी देत आहे, हरकत नाही, कळावे. खाली डावीकडे परवानगी देणाऱ्याची सही, उजवीकडे घेणाऱ्याची.

ताईंनी कागद उजेडात धरला. एकदा डावीकडे बघितलं, एकदा उजवीकडे.

"सर, ह्या दोन्ही सह्या अगदी सारख्या आहेत."